कंट्रोलवरची कॉफी : आमची वाटचाल

वाईला आमचा घरगुती डब्यांचा आणि लहानसहान समारंभांना चहा-नाश्ता पुरवण्याचा व्यवसाय होता. त्यातून सायकलस्वारांसाठी कॉफीचा टेबल कसा उभा राहिला, हे आम्हाला आयोजक आणि रायडर अनेकदा विचारतात, म्हणून ही हकिगत सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात माझ्या धाकट्या दिरांपासून झाली. ते पुण्याच्या मित्रांबरोबर बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या करतात. पुण्याहून पहाटे सुटायचे, सुरूर फाट्यावरून वाईकडे वळायचे, पसरणी घाट चढून पाचगणीच्या आसपासच्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे फेरीच्या नोंदीच्या कार्डावर, शिक्का घ्यायचा आणि त्याच वाटेने परतायचे, असा दोनशे किलोमीटरचा मार्ग त्यांच्या नित्याचा होता. एका रविवारी रात्री ते घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, घाट चढून वर गेलो की सगळे मिळते, पण कॉफी म्हणून जे मिळते ते उकळून उकळून कडू झालेले असते. तुमच्या हातची कॉफी तिथे मिळाली तर?" मी तेव्हा हसून सोडून दिले, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण माझे माहेर धारवाडचे आणि कॉफी ही माझ्या आजीच्या घरातली रोजची गोष्ट.

काम हाती घेण्यापूर्वी आम्ही या फेऱ्यांचा हिशेब समजून घेतला आणि तोच पुढे सर्वांत उपयोगी पडला. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. मधल्या प्रत्येक कंट्रोलला उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते. दोनशे किलोमीटरपर्यंत पहिली ताशी 34 किलोमीटर आणि दुसरी ताशी 15 किलोमीटर या वेगाने काढलेली असते. त्यामुळे सहा वाजता सुटलेल्या गटासाठी शंभराव्या किलोमीटरवरचा कंट्रोल 8 वाजून 56 मिनिटांनी उघडतो आणि 12 वाजून 40 मिनिटांनी बंद होतो. म्हणजे पावणेचार तास माणसे येत राहतात; सुरुवातीला एकेक, मग घाटात एकत्र आलेले दहा-पंधरा जण एकदम, आणि शेवटी पुन्हा एकेक. शिवाय प्रत्येकाचे घड्याळ चालू असते. कॉफीसाठी रांगेत घालवलेली दहा मिनिटे त्यांना पुढच्या उतारावर भरून काढावी लागतात. लग्नाच्या पंगतीत माणूस बसलेला असतो आणि आपण वाढत जातो. इथे माणूस निघायच्या घाईत उभा असतो. हा फरक आमच्या ध्यानात यायला एक पूर्ण कार्यक्रम वाया जावा लागला.

त्या पहिल्या वेळी आम्ही पुण्याहून एक एस्प्रेसो यंत्र आणि जनरेटर भाड्याने आणला होता. यंत्र चांगले होते, पण दुधासह एक कप तयार व्हायला दीड मिनिट लागत होते, आणि घाटातून वीस जण एकदम वर आले तेव्हा शेवटच्या माणसाला अर्धा तास थांबावे लागेल हे गणित आम्ही आधी केलेलेच नव्हते. त्यात पाणी तापवणे आणि वाफ सोडणे हे दोन्ही एकदम सुरू झाले की जनरेटर बसायचा. बरेच जण शिक्का घेऊन कॉफी न पिताच निघाले. जाताना त्यांनी कुठलीही तक्रार केली नाही, आणि मला तेच जास्त लागले.

परतताना माझ्या मनात आजीचा पितळी फिल्टर आला. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या तळाला बारीक भोके, आत दांडीची जाळीदार चकती. रात्री झोपण्यापूर्वी आजी वरच्या डब्यात पूड दाबून गरम पाणी ओतून ठेवायची, आणि सकाळी कोणीही पाहुणा आला तरी तयार डिकॉक्शनमध्ये, म्हणजे खाली उतरलेल्या कॉफीच्या दाट अर्कात, तापलेले दूध घालून अर्ध्या मिनिटात पेला पुढे करायची. तिच्याकडे रांग कधी लागली नाही, कारण वेळ घेणारे सगळे काम पाहुणा येण्याआधी झालेले असायचे. कंट्रोलवर नेमके हेच हवे होते.

आमचे प्रमाण आता ठरलेले आहे. अर्धा किलो पुडीवर तीन लिटर पाणी ओतले की सुमारे एक लिटर पाणी पूडच धरून ठेवते आणि दोन लिटर दाट डिकॉक्शन खाली उतरते. एका कपात तीस मिलिलिटर डिकॉक्शन आणि नव्वद मिलिलिटर दूध, या हिशेबाने दोन लिटरमध्ये पासष्ट कप निघतात आणि त्यासाठी सहा लिटर दूध पुरते. ज्यांना दूध चालत नाही किंवा चढावर जड होते, त्यांना त्याच डिकॉक्शनमध्ये गरम पाणी घालून काळी कॉफी देता येते, आणि मार्चनंतर उन्हाळ्यात थंड दूध आणि बर्फ घालून तीच कॉफी थेट त्यांच्या बाटलीत भरून देता येते. पूड आम्ही चिकमगळूर भागातल्या अरेबिका जातीच्या कॉफीची घेतो. त्यात चिकोरी, म्हणजे त्या नावाच्या वनस्पतीच्या भाजलेल्या मुळाची पूड, पंधरा टक्क्यांवर जाऊ देत नाही. चिकोरीने रंग आणि दाटपणा येतो, पण तिच्यात कॅफीन नसते आणि काळ्या कॉफीत तिची चव फार पुढे येते.

एक गोष्ट आम्हाला योगायोगानेच कळली. डिकॉक्शन गरम नसले तरी चालते, किंबहुना नसलेलेच बरे. दूध ऐंशी अंशांवर असेल आणि डिकॉक्शन बाहेरच्या हवेइतके असेल, तर वरच्या प्रमाणात दोन्ही मिसळल्यावर कॉफी साधारण सदुसष्ट अंशांवर येते आणि कपात पडेपर्यंत आणखी थोडी निवते. ती हातात घेतल्याबरोबर पिता येते. उकळती कॉफी दिली तर रायडर फुंकर मारत पाच मिनिटे उभा राहतो किंवा अर्धी टाकून निघून जातो, हे आम्ही आधी खूपदा पाहिले होते. तेव्हापासून आमचा एकच नियम आहे, तो म्हणजे आचेवर काहीही ठेवायचे नाही. तयार कॉफी मंद शेगडीवर ठेवली की तासाभरात ती कडवट होते, आणि दूध उकळत राहिले की त्याला साय येते आणि शिजल्याचा वास लागतो. दिरांनी ज्या कॉफीची तक्रार केली होती, तिचे मूळ पुडीत नव्हते, त्या मंद आचेत होते.

दुधाच्या बाबतीत मात्र आमच्या हातून एक चूक झाली आणि ती इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्या हिवाळ्यात एका फेरीला नळाच्या मोठ्या थर्मासमधले दूध साडेदहाच्या सुमारास फाटू लागले. दूध ताजे होते, तापवलेलेही नीट होते. घरी आल्यावर नळ पूर्ण सुटा केला तेव्हा आतल्या रबरी वायसरच्या खाचेत आधीच्या कार्यक्रमातल्या दुधाचा पिवळसर थर बोटाला लागला. बाहेरून लख्ख घासलेल्या भांड्यात तो तसाच राहिला होता. त्या दिवशी सगळे दूध ओतून देऊन आम्ही उरलेल्या रायडरना काळी कॉफी दिली आणि कोणाकडूनही पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून दुधासाठी नळाचा थर्मास वापरणे आम्ही बंद केले. रुंद तोंडाचे, हात आत जाईल असे दोन लिटरचे चार थर्मास घेतले. दूध थोडे थोडे तापवतो, एक रिकामा झाला की दुसरा उघडतो, आणि साठ अंशांच्या खाली गेलेले दूध कपात जात नाही. वायसर दर वेळी काढून उकळत्या पाण्यात टाकणे हे काम मी आजही दुसऱ्या कोणावर सोपवत नाही.

टेबलाची मांडणी रायडरकडे बघत बघत बदलत गेली. तो येतो तेव्हा त्याच्या एका हातात सायकल असते, दुसऱ्या हातात ब्रेव्हे कार्ड, हातमोजे घामाने भिजलेले आणि बुटाखाली पेडलला अडकवायची क्लीट, त्यामुळे गुळगुळीत फरशीवर त्याला नीट चालताही येत नाही. म्हणून आम्ही टेबल शिक्क्याच्या जागेपासून चार पावलांवर, मातीच्या किंवा खडबडीत जमिनीवर लावतो आणि त्याची उंची हँडलइतकी ठेवतो. साखरेचा आम्ही समभाग पाण्यात पाक करून पंपाच्या बाटलीत भरतो. एका दाबाला दहा मिलिलिटर, म्हणजे सहा ग्रॅम साखर. त्यामुळे चमचा, ढवळणे आणि सांडलेल्या साखरेवर जमणाऱ्या माश्या हे तिन्ही गेले. गुळाची मागणी होते, पण गरम दुधात गूळ घातल्यावर दूध फाटण्याचा धोका असतो, म्हणून तो फक्त काळ्या कॉफीबरोबर देतो. कागदी कप आम्ही दोन वर्षे वापरले आणि सोडले, कारण त्यांच्या आतही प्लॅस्टिकचा थर असतो आणि संपूर्ण घाटाच्या कडेला आपल्याच कॉफीचे कप पडलेले पाहणे मला सहन झाले नाही. आता दीडशे मिलिलिटरचे दुहेरी भिंतीचे स्टीलचे कप आहेत, त्यांचा चटका ओठाला किंवा बोटाला लागत नाही. धुण्यासाठी तीन टब आणि पुरेसे पाणी बरोबर न्यावे लागते. ओझ्यातले सर्वांत जड तेच.

गॅसची चिंता मात्र सुरुवातीला वाटली तितकी निघाली नाही. वीस लिटर पाणी उकळायला साधारण पाव किलो गॅस लागतो, त्यामुळे पाच किलोचा लहान सिलिंडर दिवसभर सहज पुरतो आणि जनरेटरची गरजच राहत नाही. पहिले डिकॉक्शन पहाटे चारला वाईत घरीच उतरवतो आणि दुसरे दहाच्या सुमारास वर पाचगणीला. तिथली उंची सुमारे तेराशे मीटर असल्याने पाणी पंच्याण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळते आणि कॉफीला ब्याण्णव ते शहाण्णव अंशांचे पाणी मानवते, त्यामुळे उकळते पाणी तसेच फिल्टरवर ओतता येते. वाईत मात्र मिनिटभर थांबून ओततो.

मोठ्या फेऱ्यांचे काम वेगळे आहे. सहाशे किलोमीटरच्या एका फेरीसाठी आम्ही निपाणीच्या पुढे, संकेश्वरच्या परिसरात, तीनशेव्या किलोमीटरवर टेबल लावला होता. पहाटे सहाला सुटलेल्यांसाठी तो कंट्रोल दुपारी तीनला उघडतो आणि रात्री दोनला बंद होतो, म्हणजे सलग अकरा तास. दुपारी येणाऱ्यांना थंड कॉफी हवी असते, रात्री येणाऱ्यांना गरम. आणि मध्यरात्रीनंतर येणारे काय हवे ते सांगण्याच्याही पलीकडे गेलेले असतात. सव्वा वाजता एक मुलगी आली. कार्ड पुढे करताना तिचा हात थरथरत होता. ती म्हणाली, "काकू, कॉफी नंतर घेते, आधी पंधरा मिनिटे पाठ टेकते." मी तिला म्हटले, "बाळा, आधी पी आणि मग झोप." कॉफीतले कॅफीन अंगात भिनायला वीस-तीस मिनिटे लागतात, तोवर डुलकीही होते आणि उठल्यावर तरतरीही येते. तिने तीन घोटांत कप संपवला, सतरंजीवर आडवी झाली, आणि वीस मिनिटांनी मी पायाला हात लावून उठवल्यावर दिवे तपासून निघून गेली.

रात्रीच्या कंट्रोलवर आम्ही दुसरा कप आपणहून पुढे करत नाही. आमच्या कपात अंदाजे सत्तर-ऐंशी मिलिग्रॅम कॅफीन असते आणि त्याचा अर्धा अंमल पाच तासांनीही शिल्लक राहतो. ज्यांना पुढच्या मुक्कामी दोन तास झोपायचे आहे, त्यांना अर्धा कप किंवा नुसते हळदीचे दूध देतो. विक्री त्याने कमी होते, पण पुढच्या वेळी तो माणूस सुखरूप येणे आम्हाला जास्त मोलाचे वाटते.

फ्रान्समधली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही 1891 साली सुरू झालेली आणि आता चार वर्षांतून एकदा होणारी बाराशे किलोमीटरची फेरी करून आलेल्या एका रायडरने आम्हाला सांगितले, की तिथे वाटेवरच्या गावांतली माणसे आपापल्या दारात टेबल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना रात्रभर कॉफी देतात आणि अनेकदा पैसेही घेत नाहीत. ते ऐकल्यावर माझ्या सासूबाईंनी आग्रह धरला, की आपल्या घरावरून जाणाऱ्या फेरीला तरी आपण पैसे घेऊ नयेत. वाईतल्या आमच्या दारात दर डिसेंबरला एक दिवस तसा टेबल लागतो आणि त्या दिवशी कप त्या स्वतः हातात देतात.

इतर फेऱ्यांसाठी आम्ही कपामागे पैसे न घेता नोंदणी शुल्कातच रक्कम धरण्याची विनंती आयोजकांना करतो, कारण घामेजल्या बोटांनी मोबाइल काढून पैसे पाठवण्यात कॉफी ओतण्यापेक्षा जास्त वेळ जातो. आयोजकांनी रायडरची अंदाजे संख्या, कंट्रोल उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ, आणि त्या जागी धुण्याचे पाणी आहे की नाही, एवढे आठवडाभर आधी कळवले तर पूड ताजी भाजून मागवता येते. पाणी नसेल तर आम्ही बरोबर आणतो, फक्त तेवढी मोठी गाडी ठरवावी लागते.