पाल्याच्या धुराबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

शहरात लाखो गाड्या धावतात, गल्लोगल्ली जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतात, मग तुम्ही जाळलेल्या पालापाचोळ्याच्या धुराविरुद्धच का लागला आहात, हा प्रश्न मला सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत आणि नातेवाइकांच्या फोनवरही विचारला जातो. विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नको असते, मी गप्प बसावे एवढेच हवे असते. तरीही एकदा सविस्तर लिहिते.

गाड्यांचा आणि बांधकामांचा त्रास मला दिसत नाही, असे नाही. परंतु त्याबाबत ज्यांनी निर्णय घ्यायचे, ते माझ्या हाकेच्या टप्प्यात नाहीत. पाला पेटवणारे आणि पेटवायला सांगणारे आहेत. शिवाय हा धूर निघतो ती वेळ आणि ती उंची लक्षात घ्यावी लागते. झाडलोट उरकली की भल्या सकाळी किंवा दिवेलागणीला ढीग पेटतो, आणि थंडीत नेमक्या त्याच वेळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असल्याने धूर वर जात नाही. पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या शहरात तो पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांशी रेंगाळतो. पाला पुरता वाळलेला नसतो, म्हणून तो भडकत नाही, धुमसतो. आणि धुमसणाऱ्या ढिगातून अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड ज्वाळेपेक्षा जास्त बाहेर पडतात. या कणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्या देशात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने ती २०२१ साली १५ वर आणली. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने उभारलेली ‘सफर’ यंत्रणा शहराच्या हवेचा आकडा देते आणि तो मी रोज पाहते. परंतु एखाद्या घराच्या खिडकीखाली पेटलेला ढीग त्या आकड्यात दिसत नाही.

‘यांच्या आईला दमा होता, म्हणून हे सगळे’ असे माझ्यामागे बोलले जाते. आईला दमा नव्हता, सीओपीडी होता, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. आणि हो, हे सगळे तिच्यामुळे सुरू झाले. त्यात लपवण्यासारखे काय आहे, हे मला कधीच कळले नाही.

आईने आयुष्यात विडी ओढली नाही. तिने सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी ऐन उमेदीची वर्षे चुलीपुढे काढली, पावसाळ्यात तर ओली लाकडे आणि शेणी फुंकत. पुण्यात आल्यावर जिना चढताना ती थांबू लागली, तेव्हा आम्ही ते वयावर घातले. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी, झाली तोवर फुप्फुसांची निम्म्याहून अधिक क्षमता गेली होती. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ठामपणे मांडले होते. जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड-शेणीच्या धुरात श्वास घेणारे सुमारे तीनशे कोटी, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे पाल्याच्या धुराने आईला आजार दिला, असे मी म्हणत नाही आणि कधी म्हटलेही नाही. जे उरले होते, त्यावर तो धूर आला.

ती फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पानगळीचा मोठा ढीग पेटवला होता आणि त्यात वेफर्सची पाकिटे, थर्माकोलच्या पत्रावळ्याही होत्या. मी कामावरून आले तेव्हा आई पलंगाच्या कडेवर दोन्ही हात टेकून, खांदे उचलून बसली होती. खिडकी लावली, तरी न्हाणीघराच्या झरोक्यातून धूर येतच राहिला; ओला टॉवेल तिथे कोंबला. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ८१ टक्क्यांवर उतरलेला दाखवत होता. औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर लावला, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा प्रवाह डॉक्टरांनी फोनवर सांगितला तेवढा ठेवला, रुग्णवाहिका बोलावली आणि ती येईपर्यंत बादली घेऊन खाली धावले. ढिगाशी उभ्या असलेल्या माणसाने मला अडवले नाही. तो म्हणाला, “ताई, मालकांनी जागा साफ करून ठेव म्हटलंय. एवढा पाला नेऊन टाकू तरी कुठे?” मी उत्तर दिले नाही, बादली ओतली, आणि त्याने आपणहून दुसरी भरून आणली. वर आले तेव्हा आईला एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. “त्याला... ओरडू... नकोस” एवढे तिने तीन श्वासांत सांगितले.

अतिदक्षता विभागात तिला बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा, घट्ट मुखवटा लावला, तो ती सतत काढू पाहत होती. ती घरी परतली. परंतु या आजारात प्रत्येक मोठ्या झटक्यानंतर काही क्षमता कायमची जाते, हे डॉक्टरांनी सांगितले होते, तसेच झाले. स्वयंपाकघरापर्यंत चालणे त्या संध्याकाळी संपले. पुढच्या पावसाळ्यात न्यूमोनियाने ती गेली.

आई हयात असतानाच, त्या झटक्यानंतर, मी सोसायटीच्या सभेत विषय मांडला, कारण आमच्या आवारातही पाला जाळला जात असे. ज्यांचा मी मान ठेवत आले, असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “एका आजारी माणसासाठी सगळ्यांनी काय काय बदलायचं? त्यांची खिडकी लावून घ्या.” कोणी त्यांना खोडून काढले नाही. सभा संपल्यावर मात्र दुसऱ्या मजल्यावरची एक तरुण आई माझ्या घरी आली, दार लावून घेतले आणि मुलाला कोणता पंप द्यावा, असे विचारू लागली. त्याला बालदमा होता, पण ‘पंप लागला की सुटत नाही’ या सासरच्या धाकाने तिने इनहेलर पिठाच्या डब्यामागे लपवला होता. पंप डॉक्टरांनीच ठरवायचा, हे मी तिला सांगितले. पुढच्या आठवड्यांत आणखी काही घरे अशीच हळू आवाजात बोलली. खिडकी लावून घ्यायची, तर ती बऱ्याच जणांना लावावी लागली असती. सभेत त्यांतले कोणीही बोलले नव्हते, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या काळात मी दंडाची खंदी पुरस्कर्ती होते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. त्या आदेशाची प्रत मी पिशवीत घेऊन फिरत असे. आज मला विचाराल, तर तो दंड ढिगाशी उभ्या माणसाकडून वसूल करणे मला मान्य नाही. परंतु तेव्हाची मी मला लगेच सुनावते, की प्लॉटच्या मालकाने पाला उचलण्याची व्यवस्था केली ती विनंतीने नव्हे, आदेशाची प्रत पाहून. तिच्या या म्हणण्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

“नेऊन टाकू तरी कुठे?” हा प्रश्न मात्र खराच होता. घरोघरचा कचरा नेणाऱ्यांच्या ढकलगाडीत पाल्याची पोती मावत नाहीत. आम्ही आवाराच्या कोपऱ्यात तारेच्या जाळीचे उंच पिंजरे केले. त्यांत पाला दाबून भरायचा, शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडायचे आणि ओल टिकवायची, एवढेच काम असते; ढीग बसत जातो आणि काही महिन्यांत खाली काळे खत मिळते. पाला जास्त झाला, तर गच्चीवर बाग करणारे पोत्यांनी नेतात. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमाने पाला असणारे आणि पाला हवा असणारे यांची गाठ घालून देण्याचे काम फार चांगले केले आहे. आमच्याकडे विरोध झाला तो डासांच्या आणि सापांच्या भीतीने. डासांची शंका पिंजरे उघडून दाखवल्यावर गेली, सापांची गेलेली नाही.

रात्रीच्या शेकोटीचे काय, असेही तुम्ही विचारता. वॉचमनने डिसेंबरात कुडकुडावे, असे मी म्हणू शकत नाही. दिल्लीत रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत, असे आदेश सोसायट्यांना निघतात. आम्हीही केबिनमध्ये एक बसवला. पण वॉचमनचे काम फाटकाशी उभे राहण्याचे आहे आणि तिथे हीटरची ऊब पोहोचत नाही. त्याला जाड जॅकेट दिले, गरम पाण्याची किटली दिली, तरी पहाटे कधीतरी तो चार काटक्या पेटवतो. त्या मी विझवत नाही. यावर काही जण माझ्यावर दुटप्पीपणाचा आरोप करतात. चार काटक्या आणि प्लास्टिक मिसळलेला खोलीएवढा ढीग एकच आहेत, असे ज्यांना वाटते त्यांना माझे म्हणणे पटणार नाही. आणि त्या चार काटक्यांचा धूरही दुसऱ्या मजल्यावरच्या मुलापर्यंत पोहोचतो, हे मला नाकारता येत नाही.

गाड्यांसाठी किंवा बांधकामांच्या धुळीसाठी तुम्ही काही सुरू करणार असाल, तर मला जरूर बोलवा, मी येईन. यंदा आमच्यामागच्या शाळेच्या मैदानावरचा पाला अजून जाळला जातो आणि तिथल्या मुख्याध्यापकांनी भेटीसाठी पुढचा सोमवार दिला आहे. आधी तिकडे जाते.