वरचा माणूस

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीचे २००२ सालचे चित्रीकरण आज दुपारी पाहत होतो, तेव्हा शेजारी बसलेला भाचा सहज म्हणाला, “मामा, पळतो तो घोडा, वरचा माणूस नुसता बसलेला असतो.” ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही.

फ्लेमिंग्टन रेसकोर्सवरच्या त्या ३२०० मीटरांत ‘मीडिया पझल’ या घोड्यावरचा जॉकी डेमियन ऑलिव्हर बसलेला नव्हताच, रिकिबीत चवड्यांवर अंग तोलून, पाठ घोड्याच्या मानेशी समांतर ठेवून तो ओणवा होता, आणि त्याच्या अंगात भावाची ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची विजार होती. तोच भाऊ जेसन, तोही जॉकी, आठवडाभरापूर्वी पर्थमध्ये घोड्यावरून पडून वारला होता. अंत्यसंस्कार शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी व्हायचे होते. वडील रे ऑलिव्हर हेसुद्धा १९७५ साली शर्यतीत पडूनच गेले.

असे घर पाहिलेला मुलगा पुन्हा रिकिबीत पाय कसा घालतो, हे मला खरोखर कळत नाही. २००५ साली पडून त्याचेही मणके मोडले, तरी तो परतला. प्रतिस्पर्धी घोड्यावर पैज लावल्याबद्दल २०१२ साली त्याच्यावर बंदी आली, आणि ती योग्यच होती. त्यानंतर २०१३ साली त्याने तिसरा मेलबर्न कप जिंकला आणि २०२३ च्या डिसेंबरात, पर्थमध्येच, कारकिर्दीतली शेवटची शर्यतही जिंकली.

शर्यतीत घोड्यांच्या मागोमाग रुग्णवाहिकाही धावत असते. पैसे लावून बसलेल्यांपैकी किती जणांची नजर तिच्याकडे जात असेल?