धाऽर लावायची का, धाऽर

दुपारी तीनच्या सुमाराला, उन्हानं गल्ली ओस पडलेली असताना, "धाऽर लावायची का, धाऽर" अशी आरोळी आली की घरातल्या सगळ्या सुऱ्या एकदम बोथट वाटायला लागतात. सायकल स्टँडवर चढते, पायडल फिरतं, चाक घरघरतं आणि ठिणग्या उडतात. पोरं जमतात. जितक्या ठिणग्या जास्त तितकं काम झकास, असा मोठ्यांचाही समज.

तिथंच घोडं पेंड खातं. ठिणगी म्हणजे सुरीचंच तापून उडालेलं पोलाद. टोक सगळ्यात पातळ, म्हणून कोरड्या चाकावर तेच आधी तापतं. साध्या पोलादाचं पातं 300 अंशांच्या आसपास गेलं की त्यावर निळसर झाक चढते. मोरपंखी, दिसायला छान. पण तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेलं. तिथं कितीही घासा, दोन टमाटे चिरले की धार वळली. मग तो निळा भाग थंड दगडावर हळूहळू घासून काढून टाकणं एवढाच उपाय. म्हणून धारवाल्याला एकच विनंती करावी: दर एकदोन फेऱ्यांनी पातं पाण्यात बुडव बाबा. बोटाला चटका बसेल इतकं ते तापूच द्यायचं नाही.

तापल्यावर बदलणारा हा रंगच लोहाराच्या भात्यापाशी उलट कामाला येतो. घिसाडी ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा घेतात, कारण त्यात अर्धा-पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन असतो आणि तेवढ्यावर धार टिकते. जालन्यात सळईच्या गिरण्या एवढ्या, तर सळईचीच सुरी का करू नये, असं कुणाच्या मनात येतं. सळईत कार्बन कमी, पाव टक्क्याच्या आतबाहेर. ती वाकायला बरी, कापायला नाही. पाटा लालबुंद करून, चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडा तापवून, तेलात बुडवतात. पाण्यात बुडवला तर तडकायची भीती. बुडवल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ होतं, दगडावर पडलं तर तुकडा उडतो. मग घासून चकचकीत करून पुन्हा मंद आचेवर धरायचं, गव्हाळ रंग येईपर्यंत. गव्हाळ ठीक. निळा झाला की सुरीपुरतं काम बिघडलं.

रोजच्या वापराला काय लागतं? चार इंचाचं पातं, दीड मिलिमीटर जाडीची पाठ, मुठीला दोन रिबिटं. रानात न्यायची असेल तर पाठ अडीच-तीन मिलिमीटर, बस. शस्त्रांच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्रात धरलं जातं. घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. पण हुरड्याच्या पार्टीला मिरची, पेरू आणि उसाचं कांडं यांपलीकडे कापायचं असतं काय? सीताफळाला तर सुरी लागतच नाही. जाड पाठीच्या, काळ्या रंगाच्या, पाठीवर करवतीचे दाते काढलेल्या सुऱ्या हल्ली फार दिसतात. त्यांनी कांदा चिरत नाही, फुटतो. दात्यांच्या सुरीचा तर आमच्याकडे विटाळच आहे. धार गेली की ती घरच्या सपाट दगडावर लावता येत नाही.

साध्या पोलादाची खोड एकच, ते डागाळतं. जालन्याची मोसंबी कापून सुरी तशीच ठेवली की अर्ध्या तासात पातं काळंनिळं होतं, आणि पुढच्या फोडीला लोखंडाची चव येते. तो काळेपणा राहू द्यावा, तांबडा गंज मात्र लगेच घासावा. पुसून खोबरेलाचं बोट फिरवावं. करडईचं तेल पात्याला लावू नये, ते वाळून चिकट होतं. जवसाचं त्याहून जास्त चिकटतं, म्हणूनच लाकडी मुठीला जवसच हवं. फ्रान्सची ओपिनेल ही मिटायची सुरी इथं मागवणारे हौशी असतात. आठ नंबरला साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ, उघडलेलं पातं अडकवायला फिरती कडी. सुरी गुणाची, पण पावसाळ्यात लाकूड फुगून पातं बाहेर येईना आणि मेच्या उन्हात तेच ढिलं. जवसाचं तेल मुठीत मुरवून पुरतं वाळवलं की बराच फरक पडतो. फक्त ते बिजागरीत जाऊ देऊ नये.

धार घरी लावायला कुरुंदाचा दुहेरी दगड पुरे, एकीकडून जाड, एकीकडून बारीक. पाणी शिंपडायचं, पातं टेकवून पाठ इतकी उचलायची की खाली पेन्सिल मावेल. मुठीपासून टोकापर्यंत एकाच बाजूनं घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर खरखरीत कड लागेपर्यंत. ती टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. बहुतेकांचं टोकच राहून जातं. मग दुसरी बाजू, मग बारीक दगडावर हलक्या हातानं आलटून पालटून आठ-दहा वेळा, शेवटी जुन्या पट्ट्याच्या कातड्यावर मागे ओढून. ती खरखर राहिली तर आज सुरी केस कापेल आणि उद्या वांगंही नाही. दगड नसेल तर चहाचा कप उपडा करा. बुडाची झिलई नसलेली कडा असते, तिच्यावर वेळ निभावते.

विळीला यातलं काही लागत नाही. पातं जागचं हलत नाही, भाजीच हलते, दोन्ही हात मोकळे. वाळल्या खोबऱ्याचे पातळ काप येसराच्या मसाल्यासाठी करायचे तर विळीच हवी. भोपळा मात्र तिला जड जातो, वैराची म्हण उगाच नाही. अख्खा भोपळा बाईनं आधी चिरू नये, पुरुषानं पहिलं पातं लावावं, ही रीत कशातून आली असेल ती असो. पुरुषाला तो चिरता येतो असं नाही. देठाजवळ टोक खुपसून सुरी खाली दाबत न्यायची असते, आणि नेमकं तेच तो करत नाही.

खंडेनवमीला हे सगळं एका पाटावर येतं. सुरी, विळी, खुरपं, इळा, अडकित्ता, हळदकुंकू लावून. बीडच्या वाड्यावस्त्यांवर त्यात ऊसतोडीचा कोयता असतो. त्याला कुरुंद चालत नाही, फडात बसल्या बसल्या कानस मारतात, हंगाम संपेपर्यंत पातं बोटभर झिजतं. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेल्या नवरा-बायकोची त्याच्या वहीत एक कोयता अशी नोंद असते. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता.