जुन्या स्कूल बसचे इंजिन आणि गिअरबॉक्स पारखताना: माझा अनुभव

फिरते घर करण्यासाठी जुनी स्कूल बस घ्यायची असे आम्ही अमेरिकेत, डेन्व्हरमध्ये ठरवले, तेव्हा जो तो आधी इंजिनाविषयीच विचारत होता. गिअरबॉक्सची चौकशी क्वचितच कोणी केली. आमची निवड मात्र शेवटी ठरली ती गिअरबॉक्सवर आणि मागच्या क्राऊन-पिनियनच्या रेशोवर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याला किती फेरे घ्यावे लागतात त्यावर. याचे कारण आमचा नेहमीचा रस्ता. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना सात टक्क्यांपर्यंतचे चढ-उतार लागतात.

इंजिनांची चाळणी त्या मानाने लवकर झाली. २००७ नंतरच्या गाड्यांना धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो, तर २०१० पासून बहुतेक इंजिनांना युरियाचे द्रावणही लागते. वर्षातून काही महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हा व्याप नको, म्हणून त्या आम्ही सुरुवातीलाच वगळल्या. इंटरनॅशनलचे व्हीटी-३६५ म्हणजे फोर्डच्या पिकअपमधले सहा लिटरचे इंजिन; त्याच्या ईजीआर कूलरच्या (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या भागाच्या) आणि हेड गॅस्केटच्या तक्रारी सर्वश्रुत असल्याने तेही बाजूला ठेवले. कमिन्सचे बारा व्हॉल्व्हचे ५.९ लिटर इंजिन पूर्णपणे यांत्रिक पंपावर चालते, त्यामुळे त्याला जाणकारांची मोठी पसंती आहे. पण पिकअपमध्ये बसवण्यासाठीही लोक ते शोधत असतात आणि त्याचा परिणाम किमतीवर दिसतो. १९९८ नंतरच्या चोवीस व्हॉल्व्हच्या आवृत्तीत व्हीपी-४४ हा इलेक्ट्रॉनिक पंप आला. त्याला थंडावा आणि वंगण दोन्ही डिझेलमधूनच मिळते, त्यामुळे टाकीकडून डिझेल पुरवणारा छोटा लिफ्ट पंप अशक्त झाला की हा महागडा पंपही जातो. उरले इंटरनॅशनलचे डीटी-४६६ई. हे ७.६ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन असून त्याचे लायनर (ज्यांत पिस्टन फिरतात ती नळकांडी) सुटे निघतात, म्हणजेच इंजिन चासीवरून न उतरवताही त्याचे पूर्ण काम करता येते.

खरा वेळ गेला तो यापुढे. नव्वदच्या दशकातील असंख्य स्कूल बसना ॲलिसनचा एटी-५४५ हा चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. शहरात थांबत-थांबत मुले उतरवण्यासाठी तो उत्तम आहे, पण त्याच्या टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाला) लॉकअप, म्हणजे दोन्ही बाजू थेट जोडून टाकणारी सोय, नाही. इंजिन आणि चाके यांच्यामधला दुवा तेलाचाच राहतो. लांब चढावर ते तेल तापत जाते आणि उतारावर इंजिनाचा अवरोध चाकांपर्यंत नीट पोहोचत नाही. धुराची वाट आवळून इंजिनाचा अवरोध वाढवणारा एक्झॉस्ट ब्रेक बसवला तरी त्याचा फायदा तेलातच विरतो.

माझे वडील एस.टी.त चालक होते आणि महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट त्यांच्या पायाखालचा होता. मी फोनवर इंजिनांची यादी वाचून दाखवत असताना ते मध्येच म्हणाले, "चढ काय, कुठलंही इंजिन चढेल रे. उतारावर गाडी धरून ठेवतं का, ते बघ आधी." ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा तिकडच्या चालकांचा जुना नियम आहे. मी त्यांना "अप्पा, ही गाडी ऑटोमॅटिक आहे" असे सांगितल्यावर त्यांचे समाधान झाले नाही, आणि ते होऊ नये हेच योग्य होते.

त्यानंतर लॉकअप नसलेली एकही गाडी आम्ही पाहायला गेलो नाही. ॲलिसनच्याच एमटी-६४३ या गिअरबॉक्सला लॉकअप आहे, पण त्याचा शेवटचा, चौथा गिअर एकास एक (इंजिनाच्या एका फेऱ्याला बाहेरच्या दांड्याचा एकच फेरा) असल्याने वेगावर मर्यादा येते. हे कागदावरच ताडता येते. ११आर२२.५ मापाचा टायर एका मैलात साधारण ५०० फेरे घेतो आणि ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. मागचा रेशो ५.२९ असेल, तर एकास एक गिअरमध्ये इंजिनाला मिनिटाला सुमारे २६४५ फेरे घ्यावे लागतील, म्हणजे ते गव्हर्नरच्या (फेरे ठरावीक आकड्यापुढे जाऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मर्यादेलाच भिडेल. ॲलिसनच्याच, लॉकअप असलेल्या एमडी-३०६० या गिअरबॉक्सचा पाचवा गिअर ०.७५ चा असल्याने त्याच वेगाला सुमारे १९८५ फेरे पुरतात. जाहिरातीत मागचा रेशो जवळजवळ कधीच दिलेला नसतो. पण इंटरनॅशनलच्या डीलरला चासी क्रमांक दिला, की ती गाडी कारखान्यातून कोणत्या भागांसह बाहेर पडली याची यादी मिळते. ती यादी हाती आल्याखेरीज बोली लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

डीटी-४६६ई आणि एमडी-३०६० ही जोडी असलेली गाडी अखेर एका शाळा मंडळाच्या लिलावात सापडली. आम्ही येईपर्यंत ती सुरू करू नका, असे आधीच कळवले होते. पोहोचताच मी इंजिनाच्या ब्लॉकला हात लावून पाहिला, तो गारठलेला होता. गाडी फारशी कुरकुर न करता सुरू झाली आणि आरंभीचा पांढुरका धूर इंजिन तापल्यावर नाहीसा झाला. तेल भरण्याचे झाकण उलटे करून भोकावर ठेवले, तर ते थरथरत राहिले, उडाले नाही. म्हणजे पिस्टनच्या बाजूने वायू फारसा निसटत नव्हता. गिअरबॉक्सचे तेल गरम झाल्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून, पट्टीवर पाहिले. ते लालसर होते आणि त्याला जळका वास नव्हता. इंजिन तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि कूलंटमध्ये चाचणीची पट्टी बुडवली. सुट्या लायनरच्या इंजिनात ही पट्टी टाळू नये, कारण कूलंटमधले संरक्षक द्रव्य संपले, की लायनरच्या बाहेरून बुडबुडे फुटत राहून धातूला बारीक खड्डे पडतात आणि शेवटी पाणी आत शिरते. आमची पट्टी या द्रव्याचे कमी प्रमाण दाखवत होती. तेलाच्या अहवालात कूलंटचा अंश मात्र आढळला नाही, म्हणून आम्ही बोली कायम ठेवली.

गाडी ताब्यात आल्यावर कूलंट बदलले आणि गिअरबॉक्समध्ये नव्या फिल्टरसह सिंथेटिक तेल भरले. एमडी-३०६० ला ०.६५ चा सहावा गिअरही असतो. आमच्या गाडीत तो संगणकीय जुळणीत बंद आहे आणि डीलरकडून उघडून घेता येतो. तो उघडला तर ताशी ६० मैलांना सुमारे १७२० फेरे पुरतील, जे कॅन्ससच्या सपाटीवर चांगले आहे. पण पाण्याच्या टाक्या, पलंग आणि ओटा बसल्यावर गाडीचे वजन किती भरते ते काट्यावर पाहूनच त्याचा निर्णय घ्यायचा आहे.