काइर गोर्सच्या दारात

कार्नार्व्हनहून निघालेली बस वळणे घेत र्‍होसगाद्वानला पोचली, तेव्हा पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. ज्यांच्या ओढीने मी उत्तर वेल्समधल्या या डोंगरगावात आलो, त्या वेल्श भाषेतल्या लेखिका केट रॉबर्ट्स इथेच १८९१ साली जन्मल्या आणि चार वर्षांच्या झाल्यापासून ‘काइर गोर्स’ या घरात वाढल्या. दगडी भिंती, पाटीच्या दगडाचे छप्पर आणि भोवती थोडी जमीन, एवढाच घराचा पसारा. वडील खाणीत राबत आणि उरलेल्या वेळात शेती पाहत. दारातून खाली मेनाई सामुद्रधुनी आणि पलीकडे अँगलसी बेट दिसते, तर डोंगराच्या अंगाला खाणीतून काढून टाकलेल्या दगडांचे करडे ढीग आहेत.

पहिल्या महायुद्धात जखमी झालेला त्यांचा धाकटा भाऊ १९१७ साली माल्टातील इस्पितळात वारला आणि त्या दुःखानेच आपल्याला लिहिते केले, असे त्या सांगत. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या, ‘बेडीतले पाय’ अशा अर्थाचे नाव असलेल्या त्यांच्या कादंबरीत मुलाच्या मृत्यूची बातमी सरकारी कागदातून घरी येते. कागद इंग्रजीत असतो आणि आईला वेल्शखेरीज भाषा येत नाही, म्हणून तो वाचून घ्यायला ती दुकानाकडे धाव घेते. पोटच्या मुलाचे मरणसुद्धा त्या माउलीला परक्याच्या तोंडून कळावे, हे मला आजही सहन होत नाही.

लग्नानंतर १९३५ साली त्यांनी आणि त्यांच्या पतींनी डेन्बी येथील ‘जी’ नावाचा छापखाना विकत घेतला. तिथून निघणाऱ्या ‘अ वानेर’ या वेल्श साप्ताहिकात त्यांनी राजकारणापासून स्वयंपाकापर्यंत नाना विषयांवर वर्षानुवर्षे लिहिले. १९४६ साली पती वारल्यावर छापखान्याचा सारा भार त्यांनी दहा वर्षे एकटीने वाहिला. १९३७ ते १९४९ या काळात त्यांचे एकही नवे पुस्तक आले नाही, याची अभ्यासक हळहळ करतात. मला मात्र ती वर्षे वाया गेली असे वाटत नाही, कारण जी भाषा त्या आईच्या घरात होती, तिच्यात दर आठवड्याला बातमी छापून येत राहावी, यासाठीच ती खर्ची पडली.

काइर गोर्स मोडकळीला आले, तेव्हा त्यांनी ते विकत घेऊन १९६५ साली वेल्सच्या जनतेला दिले. डागडुजी होऊन २००७ साली ते पुन्हा उघडले, आणि छपरावर आजही पाटीचाच दगड आहे.