बोडीच्या वाळल्या गाळातले अमिबे

दोन वर्षांआधी धानाच्या रोवणीच्या दिवसात काकाजीच्या डोळ्यात चिखल उडाला, त्यांनी तिथंच बोडीच्या (शेताजवळच्या लहान तळ्याच्या) पाण्यानं डोळा धुतला आन परत बांधीत (धानाच्या वावरात) उतरले. आठ-दहा दिवसांत डोळा लालभडक, रात्रभर झोप नाही. आधी बुरशी समजून थेंब चालले, मग कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) खरवडून तपासलं तेव्हा निघाला अकँथामिबा, माती-पाण्यात राहणारा एकपेशी जीव. पुढं कित्येक महिने थेंब टाकावे लागले.

बाहेरच्या देशात हा आजार म्हटलं की कॉन्टॅक्ट लेन्सवाले आठवतात, आपल्याकडे बहुतेक पेशंटनं लेन्स कधी लावलेलीच नसते, माती, काडीकचरा, गढूळ पाणी, बस. मी तेव्हा एमएस्सीला होतो, पीएचडीला मग हाच विषय घेतला.

आमची भंडाऱ्याकडची बोडी मे महिन्यात ठणठणीत आटते, ऊन ४५ च्या वर, गाळाला हात जाईल एवढ्या भेगा. तिथला मूठभर गाळ नेला. अगरच्या (जेलीसारख्या थराच्या) प्लेटमधे अमिबाला खायला काहीच नसतं, म्हणून वरून ई. कोलाय बॅक्टेरियाचा पातळ थर द्यायचा आन कडेला चिमूटभर गाळ ठेवायचा. तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहतो तर अमिबे बॅक्टेरिया खात खात गाळापासून दूर निघालेले, अंगावर काट्यासारखे बारीक पाय (नावातला अकँथा म्हणजे काटाच), पोटातली पाण्याची पिशवी भरते अन रिकामी होते. मी तासभर उठलोच नाही! खाणं संपलं की हेच दुहेरी भिंतीचा सिस्ट, म्हणजे कवच, करून आत झोपून बसतात, आन वाळलेल्या सिस्टमधून वीस वर्षांनंतरही जिवंत अमिबा निघालेला आहे, मग आमचा उन्हाळा त्याला काय.

खरी गंमत पुढं आहे. दोन प्लेटमधले सिस्ट अगदी सारखे दिसत होते, त्याच आकाराचे, तसेच कोनवाले, मी एकच समजून चाललो होतो. १८एस आरआरएनए नावाच्या जीनचा तुकडा सिक्वेन्स करून (त्यातल्या डीएनएची अक्षरं वाचून) आला तर एक टी-४ प्रकारचा आन दुसरा टी-११. हे टी-प्रकार याच जीनवरून पाडतात, पूर्ण जीनमधे साधारण ५ टक्के फरक असला की प्रकार वेगळा. १९९६ मधे चार प्रकार पाडले होते, आता वीसच्या वर गेले. जगभरात डोळ्याच्या केसेसमधे सगळ्यात जास्त सापडतो तो टी-४, आन तो आमच्या बोडीतच झोपलेला होता.

घरी सांगितलं तर काकाजींनी लगेच विचारलं, "मंग माह्या डोळ्यातला कोन्ता व्हता रे बापू?"

उत्तर नव्हतं माझ्याजवळ. त्यांच्या डोळ्यातलं सॅम्पल रिपोर्ट झाल्यावर फेकून दिलं होतं, कोणी जपून ठेवलंच नाही, आन याचा मला अजूनही राग येतो, काहून की एवढंसं खरवडण असतं तर बोडीतल्याशी जुळवून पाहता आलं असतं.

या रोवणीत बोडीच्या चारही कोपऱ्यातलं पाणी नेणार आहे. काकाजीसाठी गॉगल घेतला, आन धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) उकळून गार केलेल्या पाण्याची कॅन ठेवायचं काकूनं कबूल केलंय.