तुम्ही विचारलंत म्हणून: फॉरमॅटला दोन दिवस का लागतात

"ताई, नुसतं फॉरमॅट तर मारायचंय. त्याला दोन दिवस कशाला? स्टेशनजवळचा तासाभरात देतो."

ठाण्यात पाचपाखाडीतल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकते आहे, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून तर जास्तच. काउंटरवर मागे माणसं खोळंबलेली असताना याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, तासाभरात होतं, हे खरं आहे. मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान चिपवाली ड्राईव्ह, असेल तर पेन ड्राईव्हवरून विंडोज टाकायला अर्धा तासही पुरतो. वेळ जातो तो त्याच्या आधी. मशीन स्लो झालं म्हणून फॉरमॅट मारून मागणाऱ्या कितीतरी जणांची हार्ड डिस्कच जायला आलेली असते. स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, काढला की पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा दिसतो. अशा डिस्कवर नवं विंडोज घालून पैसे घ्यायचे, हे मला जमत नाही. मग डेटाची कॉपी काढायची. 'सगळं डेस्कटॉपवरच आहे' असं तुम्ही सांगता, पण आउटलुकची फाईल बऱ्याचदा लपलेल्या फोल्डरमध्ये असते, टॅलीचा डेटा तिसरीकडेच असतो. क्रोमचा फोल्डर उचलून नव्या विंडोजवर ठेवला तरी पासवर्ड उघडत नाहीत, कारण त्यांचं कुलूप जुन्या विंडोजच्या खात्याशी बांधलेलं असतं. ते आधी, तुम्ही समोर असतानाच काढावे लागतात. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की पुष्कळदा बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राईव्हला लागणारं कुलूप, आपोआप चालू होतं आणि ड्राईव्ह काढून दुसरीकडे लावली की ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्याच खात्यात असते. पण खात्याचा पासवर्ड विचारला की तुम्ही मुलीला फोन लावता आणि ती ऑफिसात असते.

तरीही दोन दिवस जास्त वाटत असतील, तर मला कळव्याच्या काकांबद्दल सांगावं लागेल.

काका निवृत्त होते आणि आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. कोकणातल्या गावी जायचं, म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचं, कोण कुणाचा दत्तक, कोणती शाखा कधी देशावर गेली, हे विचारून टिपून घ्यायचं आणि घरी येऊन टाईप करायचं. लॅपटॉप अडकायला लागला म्हणून त्यांनी तो एका दुकानात दिला. तिथे तासाभरात फॉरमॅट झाला. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, हातात कापडी पिशवी, पिशवीत लॅपटॉप आणि थोडे जुने प्रिंटआउट. "मी सगळं डी ड्राईव्हला ठेवलं होतं," ते म्हणाले. "सी गेला तरी डी राहतो ना?"

राहतो, जर समोरच्याने तो ठेवला तर. विंडोज टाकताना पडद्यावर पार्टिशन १, पार्टिशन २ अशी यादी येते, तुमच्या ओळखीचं सी, डी नसतं. घाईत असलेला माणूस सगळी पार्टिशनं उडवतो आणि एकच मोठं करतो.

तरीही हार्ड डिस्क असती तर आशा होती. क्विक फॉरमॅटमध्ये फाईलींची नोंद पुसली जाते, मजकूर तिथेच पडून राहतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. पण काकांनी वेग हवा म्हणून मध्यंतरी एसएसडी टाकून घेतली होती. तिथे फॉरमॅट होताच विंडोज ड्राईव्हला कळवतं की ही सगळी जागा आता मोकळी आहे आणि ड्राईव्ह आपलं आपण आतलं साफ करून टाकते. याला ट्रिम म्हणतात. मी रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं, रात्रभर चालवलं. नव्या विंडोजच्या फाईली सोडल्या तर हाती काही लागलं नाही. काकांना ते पटेना. शेवटी मी त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि ड्राईव्हवरचा कच्चा डेटा उघडून दाखवला. ००, ००, ००, ओळीमागून ओळी. ते चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ गेले आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत खाली खाली येत राहिले. "इथे तरी काहीतरी असेल," म्हणाले. मी स्क्रोल करत राहिले, कारण थांब म्हणण्याची माझी हिंमत होईना.

मग मला सुचलं आणि मी विचारलं, जुनी हार्ड डिस्क कुठे आहे? ती त्यांच्या कपाटात निघाली. त्यात एसएसडी टाकण्याआधीचं लेखन सापडलं. फाईल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. काका हादरलेच. ती युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमधली फाईल होती. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, फॉन्ट नसला की मजकूर असाच दिसतो. त्याच डिस्कवरच्या जुन्या विंडोजमधून फॉन्ट काढून बसवला आणि मराठी वाचता आलं. पण त्यानंतरचं सगळं गेलं. त्यात एका आजींनी सांगितलेली अख्खी शाखा होती, आणि त्या आजी आता नाहीत. काका पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत. ते रागावून टेबलावर ठेवून गेले.

मी हे सांगते तेव्हा माझ्यातलीच जुनी मी मध्ये बोलते. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात मीही सीडी घालून 'डेटा घेतलाय ना?' एवढंच विचारत असे. ग्राहक हो म्हणाला की काम सुरू. पावतीवर तेव्हाही छापलेलं होतं आणि आजही आहे: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. ती जुनी मी म्हणते, यात चूक काय? मोठ्या माणसाने हो म्हटल्यावर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये? शिवाय दुसऱ्याच्या घरातल्या फाईली चाळायचा अधिकार तुला कुणी दिला?

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी फोल्डर न उघडता कॉपी करते, पण कॉपी नीट झाली का हे बघायला चार फाईली उघडाव्याच लागतात. बघू नये असं दिसतं कधीकधी. रिपोर्ट, कोर्टाचे कागद, घरातले फोटो. मी ते कुणाला सांगत नाही, पण बघितलेलं असतंच. आणि या सगळ्या वेळेचे पैसे मागितले की तुम्ही म्हणता, फॉरमॅटचे एवढे?

कॉपी किती दिवस ठेवायची, यावर तर माझं स्वतःशीच एकमत नाही. पूर्वी काम झालं की मी ती लगेच उडवत असे. मग चरईतल्या एक मॅडम बऱ्याच दिवसांनी आल्या, मुलाच्या मुंजीचे फोटो शोधत होत्या, आणि माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. त्यानंतर मी कॉपी ठेवायला लागले, तर एका गृहस्थांनी मला चांगलंच सुनावलं: माझा डेटा तुमच्याकडे अजून का? माझ्यासमोर डिलीट करा. मी केला. दोघांचंही म्हणणं मला पटतं, आणि पावतीवर त्याबद्दल काय छापावं हे मी अजून ठरवू शकलेले नाही.